घरच्या वाईनच्या बाटल्यांना बूच कधी आणि कसं बसवायचं?

सई_वाकोला | १९ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पाककृती विभागात वाईनवर बरेच धागे आहेत, पण सगळे "गाळून बाटल्यांत भरा" या ओळीवर संपतात. माझी अडचण तिथूनच पुढे सुरू होते.

आम्ही वाकोला गावठाणाला लागून राहतो. शेजारच्या आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या. नाताळाची वाईन मी त्यांच्याकडेच शिकले, चार वर्षं त्यांच्या हाताखाली द्राक्षं कुस्करली. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून त्यांची चिनी मातीची मोठी बरणी माझ्या घरी आली आहे. त्या बाटल्या भरत तेव्हा मी कधी घरी नसायचे, त्यामुळे शेवटची पायरीच शिकायची राहिली.

गेल्या वर्षी १४ बाटल्या भरल्या. बुचं ऑनलाइन मागवली आणि लाटणं उलटं धरून ठोकून बसवली. एप्रिल संपता संपता तीन बाटल्यांची बुचं अर्धा बोट वर आली. एक रात्री दोन वाजता उडालं. आणि मे महिन्यात एक बाटली माळ्यावर फुटली, काचा खाली ओट्यावरच्या पिठाच्या डब्यापर्यंत आल्या. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. तो तेव्हा शाळेच्या सुट्टीत आजीकडे होता, एवढंच नशीब.

यंदा फेब्रुवारीत वाशीच्या बाजारातून नाशिकची काळी द्राक्षं आणली. दोनदा साक्यावरून निवळ काढून घेतली आहे, वाईन आता छान स्वच्छ दिसते. साडेअठरा लिटर आहे. पावसाआधी भरायची म्हणते. बूच कुठलं घ्यावं, बसवायला काय वापरावं, बाटली उभी ठेवावी की आडवी? सगळं सांगा. यंदा एकही बाटली फुटायला नको आहे.

पारिजात | १९ मे, रात्री ११:०५

सई, काळजी घे गं. वाचतेय.

निवांत_मी | २० मे, सकाळी ७:५०

नाताळात प्यायची वाईन म्हणजे सात महिने. त्यासाठी बुचाची गरजच नाही. तार आणि रबराची चकती असलेल्या झाकणाच्या बाटल्या मिळतात, अब्दुल रेहमान स्ट्रीटला डझनाने घेतल्या तर परवडतात. धुवायला सोप्या, दरवर्षी वापरा. मी आठ वर्षं जांभळाची वाईन अशीच ठेवतो.

उत्तनकर | २० मे, सकाळी ९:१५

सईताई, आधी दोन गोष्टी सांगा. गेल्या वर्षी बाटलीत भरताना वाईन किती दिवसांची होती? आणि चवीला साखर घातली होती का? माझ्या मते दोष बुचाचा नव्हताच.

सई_वाकोला | २० मे, दुपारी २:३०

एकवीस दिवसांची. आंटींच्या वहीत तसंच आहे: २१ दिवस रोज ढवळायची, मग गाळायची. आणि हो, आंबट लागली म्हणून लिटरला दोन मोठे चमचे साखर घालून लगेच भरली. बाटल्या अगदी गळ्यापर्यंत भरल्या होत्या, हवा राहू नये म्हणून.

रसायनी | २० मे, रात्री ९:२०

सई, उत्तनकरांच्या दोन प्रश्नांतच तुझं उत्तर आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण हे काचेचं प्रकरण आहे.

वाईनमध्ये यीस्ट जिवंत असेल आणि साखर असेल तर आंबणं चालूच राहतं, बाटली बंद केली म्हणून ते थांबत नाही. बरणीतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बाटलीत त्याला वाट नसते. ढोबळ हिशेब असा: लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की बंद बाटलीत सुमारे एक वातावरणाइतका, म्हणजे भोवतालच्या हवेच्या दाबाएवढा, जादा दाब तयार होतो. शॅम्पेनमध्ये दुसऱ्यांदा आंबवण्यासाठी मुद्दाम लिटरला २४ ग्रॅमच्या आसपास साखर घालतात आणि दाब सहा वातावरणांपर्यंत नेतात. म्हणून ती बाटली इतकी जाड आणि बूच तारेनं आवळलेलं. तुझे लिटरला दोन मोठे चमचे म्हणजे जवळपास तेवढीच साखर. आणि बाटल्या साध्या, पातळ काचेच्या. ज्यांची बुचं वर सरकली त्या बाटल्या त्यामुळेच वाचल्या. जिचं बूच सर्वांत घट्ट बसलं होतं ती फुटली.

पहिलं काम, हायड्रोमीटर घे, म्हणजे वाईनची घनता मोजणारं साधन; साखर संपत जाते तसं त्याचं वाचन उतरतं. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानं आहेत तिथे मिळेल. वाचन ०.९९८ किंवा त्याखाली आलं पाहिजे, आणि आठवड्याच्या अंतरानं दोनदा घेतलं तरी तेच राहिलं पाहिजे. एकवीस दिवसांचा हिशेब आंटींच्या घरी चालत असेल, कारण त्या बहुधा गाळल्यावर पुन्हा बरणीत मुरवत असतील. विचारून बघ.

वाईन गोडच हवी असेल तर आंबणं पूर्ण संपू दे, साका खाली बसू दे, मग पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट दोन्ही घाल. तुझ्या वाईनला मेटाबायसल्फाइट सुमारे दीड ग्रॅम आणि सॉर्बेट साडेचार ग्रॅम. दोन्ही खाण्यासाठी वापरायच्या दर्जाचं घे आणि ग्रॅमचे अंश दाखवणाऱ्या काट्यावर मोज, चमच्यानं नाही. सॉर्बेट चालू असलेलं आंबणं थांबवत नाही, ते फक्त यीस्टची पुढची वाढ रोखतं. एकटं सॉर्बेट घालू नकोस. मेटाबायसल्फाइट नसेल तर काही जिवाणू सॉर्बेटवर जगतात आणि वाईनला जिरेनियमच्या पानांसारखा वास मारतो, तो काही केल्या जात नाही. घरात कुणाला दमा असेल तर ही पूड उघडताना त्यांना खोलीत थांबवू नकोस, आणि ही वाईन त्यांना देताना सांगून दे.

दुसरी चूक गळ्यापर्यंत भरण्याची. वाईन तापली की फुगते. समज भरताना खोली २४ अंशांवर होती आणि मेमध्ये माळा ३६ वर गेला. ७५० मिलीची वाईन तेवढ्यात अडीच ते तीन मिली वाढते. ऐकायला काहीच नाही, पण बाटलीचा गळा आतून जेमतेम दोन सेंटीमीटर रुंद, त्यात पातळी जवळजवळ एक सेंटीमीटर चढते. बूच आणि वाईन यांच्यामध्ये दीड सेंटीमीटर हवा ठेवली असेल तर ती एक तृतीयांश जागेत दाबली जाते. तू तर जागाच ठेवली नव्हतीस. पातळ पदार्थ दाबला जात नाही, मग तो बुचालाच ढकलतो.

म्हणून बुचाच्या खालच्या टोकापासून दीड ते दोन सेंटीमीटर मोकळं ठेव. त्याहून जास्त नको, प्राणवायू वाईनला मारतो. आणि माळा विसर. आपल्या घरांत स्लॅबखालचा माळा ही सर्वांत तापणारी जागा. दिवाणाखाली, भिंतीच्या आतल्या बाजूला ठेव.

सई_वाकोला | २० मे, रात्री १०:१०

रसायनी, हे वाचून आत्ता आंटींकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, "गाळल्यावर दोन महिने बरणीतच राहायची, फडकं बांधून. मी वहीत लिहिलं नाही कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं." मला ठाऊक नव्हतं.

उत्तनकर | २१ मे, सकाळी ८:४५

आमच्या घरीही तसंच. बाटलीत जाण्याआधी ती बरणीत शांत व्हायची. आता बुचाबद्दल लिहितो, हे काम मी वडिलांबरोबर लहानपणापासून केलं आहे.

वाईनची नेहमीची बाटली तोंडाशी आतून साडेअठरा मिलिमीटर असते आणि खाली जाताना थोडी रुंदावते. त्यात जाणारं बूच २४ मिलिमीटर जाडीचं. साडेपाच मिलिमीटर जादा! लाटण्यानं ठोकून ते सरळ जाणं अवघड, आणि गेलंच तर अर्धं फाटून जातं. ऑनलाइन तुम्हाला बहुधा निमुळती बुचं आली असतील, एका टोकाला पाचरीसारखी बारीक. ती प्रयोगशाळेच्या शिश्यांची. आतून पकड नसते, फक्त तोंडाशी अडकतात.

सरळ, दंडगोल बूच मागा. लांबी ३८ मिलिमीटर पुरे, दोन-तीन वर्षं ठेवायची तर ४४ किंवा ४५. बसवायला यंत्र हवं. तीन प्रकार असतात. सर्वांत स्वस्त म्हणजे नळी आणि दट्ट्या, वरून हातोडीनं मारायचा. त्यात २४ चं बूच जीव काढतं, २२ चं जातं. दुसरं दोन दांड्यांचं, हातानं दाबायचं. तिसरं जमिनीवर उभं राहणारं, लांब दांडा, पितळेचे जबडे बुचाला चारही बाजूंनी आवळून १५-१६ मिलिमीटरपर्यंत आणतात आणि दट्ट्या एका दमात खाली उतरवतो. एवढ्या बाटल्यांना तिसरंच घ्या, निदान कुणाकडून एका दिवसासाठी आणा. माझ्याकडे आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाकोल्याला पोचवतो.

बूच उकळू नका. आमच्याकडे आजी उकळायची आणि आम्हीही बरीच वर्षं उकळत होतो. उकळल्यानं बुचावरचा मेणाचा किंवा सिलिकॉनचा पातळ थर जातो, बूच भुसभुशीत होतं आणि उघडताना वाईनमध्ये त्याचे कण पडतात. नवी, सीलबंद पिशवीतली बुचं तशीच वापरता येतात. शंका वाटली तर लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मेटाबायसल्फाइट विरघळवा, ते पाणी वाटीत घालून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बुचं त्याच डब्यात, पण पाण्याबाहेर, रात्रभर राहू द्या. वाफेनं ती निर्जंतुकही होतात आणि लवचीकही.

बूच तोंडाच्या कडेशी सपाट बसलं पाहिजे, फार तर एक मिलिमीटर खाली. वर राहिलं तर दट्ट्याची खोली कमी आहे, पेच फिरवून नीट करा. दांडा मधे थांबवू नका. एकाच दाबात खाली. अर्ध्यावर थांबलात तर बूच जबड्यातून सुटून गळ्यात तिरकं फुगतं, मग ते ना आत जातं ना बाहेर येतं.

बसवल्यावर तीन दिवस बाटली उभी. दट्ट्यानं आतली हवा दाबलेली असते, ती हळूहळू बुचाच्या कडेनं निघते आणि तेवढ्यात बूचही पूर्ण फुलतं. लगेच आडवी केलीत तर हवेऐवजी वाईन बाहेर येईल. तीन दिवसांनी आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं.

पारिजात | २१ मे, दुपारी १२:२०

उत्तनकर, किती नीट लिहिलंत. एक विचारू? आमच्या सोसायटीत बुचाचं झाड आहे, पावसाळा संपता संपता पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. या बाटल्यांची बुचं त्याचीच का?

रसायनी | २१ मे, दुपारी १:०५

पारिजात, नाही, पण नावात संबंध आहे. आपलं बुचाचं झाड म्हणजे मिलिंग्टोनिया, आकाशनिंब. त्याची साल बुचासारखी मऊ, भेगाळ असते आणि हलक्या प्रतीचं बूच म्हणून ती वापरलीही गेली. वाईनला ती चालत नाही, वाईन धरून ठेवण्याइतकी ती घट्ट नसते.

खरं बूच म्हणजे कॉर्क ओकची साल. जगातलं जवळपास निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड पंचविसेक वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल सोलतात, मग नऊ-नऊ वर्षांनी. झाड तोडत नाहीत, साल पुन्हा येते. बाटलीच्या बुचाला लायक साल तिसऱ्या सोलणीला मिळते, म्हणजे झाडाची चाळिशी उलटल्यावर.

रॉबर्ट हूकनं १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचाच काप ठेवला होता. त्यातले बंद कप्पे पाहून त्यानं "सेल" हा शब्द वापरला. आपण शाळेत शिकलो ती पेशी तिथून आली. त्या कप्प्यांत हवा कोंडलेली असते, म्हणून बूच दाबलं जातं आणि सोडलं की परत फुगतं. सई, यंत्रातून सुटल्यावर ते गळ्याला घट्ट धरतं ते याच जोरावर.

शिवडीकर | २१ मे, सायंकाळी ६:३०

एक मुद्दा राहतोय. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे आणि वाईन मद्यातच मोडते. विकणं तर सोडाच. सईताई, सणाची परंपरा मला समजते, पण राज्य उत्पादन शुल्क विभागात परवान्याची चौकशी करून घ्या. शेजारीपाजारी पैसे घेऊन एकही बाटली देऊ नका.

सई_वाकोला | २१ मे, रात्री ९:००

शिवडीकर, आभार. विकायचा विचार कधीच नव्हता. विभागात जाऊन विचारते.

मनुका | २२ मे, सकाळी १०:१५

मी भंगारवाल्याकडून वाईनच्या रिकाम्या बाटल्या घेते आणि जुनी बुचं ब्लीचमध्ये भिजवून परत वापरते. चालतं ना?

रसायनी | २२ मे, सकाळी ११:३०

मनुका, बाटल्या चालतील, बुचं अजिबात नाहीत. स्क्रूनं भोक पडलेलं बूच परत हवाबंद होत नाही.

आणि ब्लीच तर नकोच. क्लोरीन, लाकूड किंवा बूच, आणि बुरशी एकत्र आले की टीसीए नावाचं रसायन तयार होऊ शकतं. त्याच्या अगदी सूक्ष्म अंशानंही वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा, सादळलेल्या पायपुसण्याचा वास येतो. १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी हा वास टीसीएमुळे येतो हे दाखवलं. मुंबईत पावसाळ्यात बुरशीला निमंत्रण लागत नाही, मग क्लोरीन तरी आपल्या हातानं का घालायचं? बाटल्यांसाठी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. रात्रभर भिजव, लांब ब्रशनं घास, तीनदा विसळ, मग मेटाबायसल्फाइटच्या पाण्याचा हात दे आणि उपडी टांग.

उत्तनकर | २२ मे, दुपारी १२:१०

यात भर. आटे असलेल्या, म्हणजे फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत बूच दाबू नका. त्या गळ्याची काच बुचाचा जोर धरून घडवलेली नसते, तडकू शकते. आणि ज्या बाटल्यांत मसाला होता त्या वेगळ्या ठेवा. आमच्याकडे उन्हाळ्यात बाटली मसाला कुटून काळसर बाटल्यांत काठीनं ठासून भरतात. तो वास काचेतूनही जात नाही असं आई म्हणायची. मी एकदा तशा बाटलीत वाईन भरली, तिला दालचिनी-मिरचीचा वास राहिला.

सई_वाकोला | ९ जून, रात्री ११:३०

काल आणि आज भरल्या. २४ बाटल्या, पाऊण बाटली उरली.

हायड्रोमीटरचं वाचन २५ मेला ०.९९६, १ जूनला ०.९९६, कालही ०.९९६. साखर घातली नाही. आंटींनी चमचाभर चाखली आणि "कोरडीच राहू दे" म्हणाल्या. सॉर्बेट लागलं नाही, मेटाबायसल्फाइट तेवढं दीड ग्रॅम घातलं.

उत्तनकर दादा स्वतः टेम्पोतून यंत्र घेऊन आले. आंटींना खुर्ची देऊन मधे बसवलं. सायफनची नळी माझ्या नवऱ्यानं धरली. मी एका झाडूच्या काडीवर खूण केली होती: ३८ चं बूच आणि खाली १८ मिलिमीटर, म्हणजे तोंडापासून ५६. काडी बाटलीत सोडायची, वाईन तिच्या टोकाला लागली की थांबायचं. चौथ्या बाटलीपासून काडीची गरज उरली नाही.

पहिलं बूच बसवताना माझा दांडा अर्ध्यावर अडला. दादांनी सांगितलं होतं तसंच झालं, बूच गळ्यात वाकडं फुगलं. दादा म्हणाले, हातानं नको, अंगाचं वजन टाका. दुसऱ्या वेळी दोन्ही हात दांड्यावर ठेवून वाकले. आधी जबड्यांचा करकर आवाज, मग बूच एकदम सैल पडल्यासारखं घसरतं आणि शेवटी हलकासा "फुस्स", कडेनं हवा निघाल्याचा. तो फुस्स आला की आंटी मान हलवायच्या. चोवीस वेळा हलवली.

वाकडं बूच स्क्रूनं काढून बाटली नव्या बुचानं बंद केली. प्रत्येक बाटलीवर तारीख लिहिली आहे. सगळ्या न्हाणीघरात प्लास्टिकच्या टबात उभ्या आहेत, बुधवारी दिवाणाखाली आडव्या.

निवांत_मी | १० जून, सकाळी ८:००

छान झालं. पण माझं म्हणणं कायम आहे, नाताळात संपणाऱ्या वाईनला तारेचं झाकण पुरतं. पुढच्या वर्षी अर्ध्या तशा करून शेजारी शेजारी चाखून बघा.

सई_वाकोला | १० जून, सकाळी ८:४०

निवांत, करून बघेन. पण आंटी सगळ्या बाटल्या एकाच नाताळात काढत नाहीत. निम्म्या दुसऱ्या वर्षासाठी राहतात. म्हणून बूच.

सई_वाकोला | १७ जुलै, सायंकाळी ७:१५

मदत! दिवाणाखाली एका बाटलीच्या तोंडाशी लाल चिकट थेंब दिसला. बाकी २३ कोरड्या आहेत. बुचाच्या कडेला एक उभी रेघ आहे, चुणी पडल्यासारखी. फुटेल का?

उत्तनकर | १७ जुलै, रात्री ८:००

फुटणार नाही. गळते आहे म्हणजे दाब साचत नाही. जबड्यांच्या फटीत बुचाची कड चिमटली की अशी उभी चुणी पडते आणि वाईन तिच्यातून वर येते. माझ्या यंत्राचा एक जबडा झिजला आहे, ते मी आधी बघायला हवं होतं. बाटली पुसून उभी करा आणि या आठवड्यात उघडा. परत बूच मारून ठेवू नका, आत हवा गेली आहे. बाकीच्यांची बुचं बॅटरीच्या उजेडात बघा, चुणी असेल तर त्याही वेगळ्या काढा.

सई_वाकोला | १८ जुलै, सकाळी १०:००

बघितल्या. आणखी एकाला बारीक चुणी आहे, पण ती कोरडी आहे. तिला उभी करून फ्रीजमध्ये ठेवली.

सई_वाकोला | २५ डिसेंबर, दुपारी ४:२०

काल मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर आंटींच्या घरी पहिली बाटली उघडली. बूच अख्खं निघालं. खालच्या टोकाला जेमतेम तीन मिलिमीटर लाल रंग चढलाय, बाजू कोरड्या. आंटींनी बूच नाकाशी धरलं, मग माझ्या मुलाच्या हातात दिलं. आज तो ते खिशात घेऊन फिरतोय.

बारा बाटल्या दिवाणाखाली तशाच आहेत, पुढच्या नाताळासाठी. उत्तनकर दादा, तुमची एक बाजूला काढली आहे. नवे जबडे मिळाले का ते कळवा. फेब्रुवारीत वाशीला जाताना तुमच्याही द्राक्षांची पेटी आणते.